पाठीमागचं पाणी

मंजुळाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तेव्हापासून सिल्वासाच्या सरकारी क्वार्टरमधली आतली खोली आणि खिडकीतून दिसणारी कंपाउंडची भिंत एवढंच त्यांचं जग उरलं होतं. गुहागरकडचं घर बंद करून मुलाने, जयवंतने, त्यांना इकडे आणलं तेव्हा त्या चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. आता उचलून बसवावं लागे. एकदा वेणी घालून घेताना त्या सुनेला म्हणाल्या, समुद्राचा आवाज नसला की रात्र फार लांबते. वासंतीने ते नवऱ्याच्या कानावर घातलं, आणि जयवंतने ते मनावरच घेतलं.

जयवंत बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. दिवाळीनंतर त्याने वापीच्या एका डॉक्टरची जुनी फियाट घेतली होती आणि रोज संध्याकाळी मसाटच्या रस्त्यावर हात साफ करून घेत होता. चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत, एका रविवारी, आईला मागच्या सीटवर उशांच्या आधाराने बसवून तो दमणला निघाला. आजीच्या एका बाजूला दहा वर्षांची प्राजक्ता, दुसऱ्या बाजूला सात वर्षांचा रोहन. वासंती पुढे, मांडीवर थालीपिठांचा डबा. गारठा असा होता की वापी मागे पडेपर्यंत कुणी काच खाली केली नाही.

दमणला पोचल्यावर गर्दीच्या चौपाटीवर जयवंत थांबलाच नाही. आईकडे लोक टकामका बघतील ते त्याला नको होतं. तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जात राहिला. वस्ती विरळ झाली, सुरूची झाडं लागली आणि पुढे सगळा काळा, ओबडधोबड कातळ. वारा इतका बोचरा की रोहनने स्वेटरच्या बाह्या बोटांवरून खाली ओढून घेतल्या. ओहोटी होती. समुद्र पार लांब गेला होता. गाडीतून दिसत होते ते नुसते खडक, चिखल आणि टोकाला एक पांढरी रेघ.

 आरशात आईचा उतरलेला चेहरा पाहून जयवंत म्हणाला, एवढं आलोय तर पाण्याला पाय लागलेच पाहिजेत. बैलगाड्या वाळू आणायला उतरत त्या उतारावरून त्याने गाडी खाली घातली. वासंती नको म्हणाली. ती सटाण्याची, समुद्र तिने लग्नानंतर पाहिलेला. पण परत वर कसं येणार, हे तिला दिसत नव्हतं. तिने दोनदा विचारलं. जयवंत हसून म्हणाला, "माझा जन्म समुद्रावर गेलाय. मला नको शिकवूस."

उतार संपल्यावर एक सखल, ओलसर पट्टा लागला. तो ओलांडला की पुढे उंचवट्याची घट्ट वाळू, दोन्ही अंगांना कातळाच्या धारा. गाडी थेट पाण्याजवळ जाऊन थांबली. जयवंतने आईला उचलून खाली सतरंजीवर बसवलं, तिचे पाय लाटेच्या वाटेत ठेवले. पाणी आलं, घोट्यांना लागलं, गेलं. मंजुळाबाईंनी डोळे मिटले. उजव्या पायाची बोटं वाळूत हलली, डाव्याची नाही. वासंतीला वाटलं, आपण उगाच कटकट केली. तिने डबा उघडला. सगळे तिथेच जेवले, मुलं शिंपले वेचायला कातळावर गेली, आणि जयवंत गुहागरच्या गोष्टी सांगत बसला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा बोलत होता.

पाणी सतरंजीला लागलं तेव्हा त्यांनी आईला गाडीत बसवलं. तेवढ्यात हाका मारून मुलांना बोलावणाऱ्या वासंतीची नजर मागे गेली. ज्या पट्ट्यातून ते आले होते तो चमकत होता. आधी तिला वाटलं ऊन पडलंय. मग तिने नीट पाहिलं. पट्टा पाण्याने भरला होता. समुद्र समोर अजून संथच होता, पण कातळाला वळसा घालून तो पाठीमागून आला होता.

तिने नवऱ्याला सांगितलं. जयवंतने एकदा मागे पाहिलं आणि गाडी सुरू केली. गाडी वळली, हातभर सरकली आणि मागचं चाक रुतलं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला तसं ते आणखी खोल गेलं. दोघांनी हातांनी वाळू उपसली, चाकाखाली सतरंजी घातली, मग कापडी पिशव्या घातल्या. सतरंजी फाटून मागे फेकली गेली. उपसलेल्या खड्ड्यात पाणी भरत होतं. वासंती आपल्याशीच म्हणत होती, आता निघेल, आता निघेल. पट्ट्याकडे तिने पुन्हा पाहिलं तेव्हा तो रुंद झाला होता आणि त्यातलं पाणी एका अंगाला धावत होतं.

ती खिडकीशी गेली आणि गाडी सोडा म्हणाली. जयवंत स्टेअरिंग सोडेना. अजून एकदा, फक्त एकदा, असं तो तिच्याकडे न बघता म्हणत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मुलं दाराशी उभी होती आणि पाणी प्राजक्ताच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

तेव्हा मागच्या सीटवरून मंजुळाबाई बोलल्या. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे.

"जयू, गाडी बंद कर. हा आपला समुद्र नव्हे."

जयवंतने किल्ली फिरवली. इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला.

त्याने आईला पाठीवर घेतलं, पण तिचा डावा हात गळ्याभोवती राहीना. दोन पावलांतच ती घसरायला लागली. वासंतीने सीटवरची चादर ओढली, दोघांच्या भोवती फिरवली आणि जयवंतच्या छातीवर गाठ मारली. एका गाठीवर तिचा भरवसा बसेना, म्हणून वर दुसरी मारली. रोहनला कडेवर घेतलं, प्राजक्ताला पदर धरायला लावला आणि ती पुढे झाली.

पट्ट्यात उतरताच पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. ते थंडगार होतं आणि सारखं डावीकडे खेचत होतं. तळाला वाळू नव्हती, कातळच होता. त्यावर कालवांच्या धारदार कवच्या. पायांना काय होतंय ते वासंतीला कळत होतं, पण तिकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. प्राजक्ताचे पाय सुटले तशी तिने तिला दंडाला धरून ओढली. पलीकडचा एक उंच खडक हाती लागला. तिने दोन्ही मुलांना वर चढवलं आणि मागे वळली.

मधोमध जयवंत दिसत नव्हता.

मग तिला चादरीचं टोक दिसलं. तो घसरून पालथा पडला होता, आई त्याच्या पाठीवर आणि पाणी दोघांवरून जात होतं. तो हातांनी उठायचा, आईचं वजन त्याला परत खाली दाबायचं. त्याच्या पाठीवरून मंजुळाबाईंना बाजूला करता येत नव्हतं, कारण त्या बांधलेल्या होत्या. वासंतीनेच बांधलं होतं.

प्राजक्ताला तिने ओरडून सांगितलं, भावाला सोडू नकोस. आणि ती परत पाण्यात शिरली. गाठीला हात घातला. भिजून ती दगडासारखी झाली होती. तिने गाठीचा नाद सोडला, सासूच्या काखेत खांदा घातला आणि होतं नव्हतं ते बळ लावून तिला वर रेटलं. मंजुळाबाईंचं तोंड पाण्याबाहेर आलं. डोळे उघडे होते, ओठ काळेनिळे. खालून जयवंतचं डोकं वर आलं, त्याने खोकत श्वास घेतला. पाय रोवायला जागा सापडेपर्यंत वासंती तशीच उभी राहिली, सासूचं सगळं ओझं खांद्यावर आणि पाणी छातीशी. खडकावर रोहन मोठ्याने रडत होता. तेवढा वेळ ती ते रडणं ऐकत राहिली, कारण तो रडतोय म्हणजे तो तिथेच आहे.

सुरूच्या झाडांकडून दोन माणसं धावत आली. वर जाळं विणत बसलेल्या कुणीतरी मुलांचा आवाज ऐकला होता. त्यांनी दोर टाकला. बाकीचं वासंतीला तुकड्यातुकड्यांनीच आठवलं. गुजरातीतून कुणीतरी "पकडो, पकडो" म्हणतंय, वर गेल्यावर एकाने कोयत्याने गाठ कापली, मंजुळाबाईंना कुशीवर केलं आणि त्यांच्या तोंडातून पाणी आलं, मग उलटी, मग एक लांब, घरघरता श्वास.

त्यांच्याच टेम्पोतून सगळे दमणच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मंजुळाबाईंना गरम ब्लँकेटात गुंडाळलं, छाती तपासली, संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाले. वासंतीच्या तळव्यांतून कवच्यांचे तुकडे काढायला नर्सला बराच वेळ लागला.

नंतर ती सासूच्या खाटेशी बसली. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडून निघालंच. गाठी मीच मारल्या, ती म्हणाली, एकच मारली असती तर सुटली असती. मंजुळाबाईंनी तिच्याकडे मान वळवली.

"सुटली असती तर मी गेले असते वाहून," त्या म्हणाल्या. "हात कुठाय मला धरायला?"

आणि त्यांनी डोळे मिटले. वासंतीला रडू आलं ते तिने तोंडात पदर धरून थांबवलं, कारण पलीकडच्या बाकावर मुलं नुकतीच झोपली होती.

जयवंत बाहेर व्हरांड्यात उभा होता. शर्ट अंगावरच वाळला होता. मच्छीमारांपैकी एकजण सांगून गेला होता की आता गाडीचा टपही दिसत नाही, सकाळी ओहोटीला ट्रॅक्टर लावून बघू. जयवंतला त्यातलं काही ऐकू गेलंय असं वाटत नव्हतं. वासंती लंगडत त्याच्याजवळ गेली. त्याला समजवावं, पाठीवरून हात फिरवावा, असं तिच्या मनात होतं. पण जवळ गेल्यावर तसं झालं नाही.

"मी दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "वर कसं येणार म्हणून."

"हो," तो म्हणाला.

"तुम्ही हसलात."

"हो."

 समुद्र तिथून दिसत नव्हता, पण भरतीचा आवाज येत होता. दोघं तो ऐकत उभी राहिली. मग नर्सने हाक मारली. पेशंटला हलवायला हरकत नाही, पण पाय सांभाळून उचला, असं ती म्हणाली. भाड्याची जीप दाराशी लागली होती. जयवंत आत गेला, आईच्या डोक्याकडे उभा राहिला आणि वासंती येण्याची वाट बघत थांबला. ती आल्यावर त्याने विचारलं, कुणी कुठून धरायचं ते सांग. तिने सांगितलं, आणि दोघांनी मिळून मंजुळाबाईंना उचललं.