तयार कपड्यांचा फोन

माझं तोंड भारी तिखट. गिऱ्हाइकं म्हणतात, टेलरबाईंची कात्री परवडली, पण तोंड नको. तरी महिन्यापूर्वी ब्लाउज शिवायला आलेल्या एका पोरीच्या दंडाला टेप लावताना चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले आणि माझी दातखीळच बसली. "दार लागलं," ती म्हणाली. दाराला कधी बोटं असतात का? पण मी मुकाट्यानं माप लिहून घेतलं. सांगायलाही लाज वाटते.

सोमवारी ती एक पिशवी घेऊन आली. "मावशी, यातलं काही शिवायचं नाही, नुसतं सांभाळा." आत कागदपत्रं आणि एक ड्रेस. शुक्रवारी अकराला ती येणार, कपडे बदलणार, साडेअकराला भाऊ गाडी आणणार. नवऱ्याला सुगावा लागला तर संपलंच. "जीव गेला तरी बोलणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

आणि केलं काय? रोज दुकान उघडलं की फळीवरच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बघून मी गिऱ्हाइकांना फोन लावते. वीस वर्षांची सवय. काजं-बटणं करणाऱ्या माझ्या नणंदेनं गुरुवारी संध्याकाळी त्या पिशवीलाही वहीतला नंबर उतरवून चिठ्ठी टाचली होती. शुक्रवारी मी लावला. "तुमची पिशवी तयार आहे."

"कसली पिशवी?" पुरुषाचा आवाज.

मी झटकन फोन ठेवला. वहीत नवऱ्याचाच नंबर होता; तिच्याकडे स्वतःचा फोनही नव्हता. ती आली तेव्हा मी नुसतं "आटप लवकर" म्हटलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.

ती पडद्यामागं गेली आणि तो आलाच. "बायको कुठाय माझी?"

"आत बायका कपडे बदलतायत. बाहेर थांबा."

त्यानं मला ढकललं. झिप बसवून घ्यायला आलेली नर्स उठली, पडद्यासमोर उभी राहिली. मग ब्लाउज न्यायला आलेल्या शाळेतल्या बाई. मग नणंद, गुडघ्याचं निमित्त सांगून कधी न उठणारी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"घरचा मामला आहे!" तो ओरडला.

"घर तिकडे! हे माझं दुकान आहे. एक पाऊल पुढं टाकून तर बघ!"

नर्स मोठमोठ्यानं पोलिसांना पत्ता सांगत होती. शेजारचा घड्याळवाला दारात येऊन उभा राहिला. नवरा शिव्या देत मागं सरला, पण गेला नाही. रस्त्यापलीकडे थांबला.

भाऊ आणि पोलीस पाठोपाठ आले. तेव्हा कुठे ती पडद्यामागून बाहेर आली. "त्याला कळलं कसं?"

काय माहीत, असं म्हणता आलं असतं.

"मीच फोन केला गं. सवयीनं. चुकलं माझं." मला रडूच कोसळलं.

तिनं कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग चौकीत चला, मावशी," ती म्हणाली. "तो म्हणेल काही झालंच नाही. माझं एकटीचं कोण ऐकणार?"

मशीनवरचं कापड तसंच टाकून मी तिच्याआधी गाडीत जाऊन बसले.