सोमवारचा नवरा, बुधवारचा नवरा

आमच्या बेटावर नोव्हेंबरात धुकं इतकं दाट पडतं की एकदा मी त्याच्यावरच चादर वाळत घातली होती. दुपारी शेजारच्या बेटावरून आणावी लागली. खोटं वाटत असेल तर चादर दाखवते.

तशाच एका सकाळी माझ्या शेजारणीच्या, ओक-बुनच्या अंगणात आम्ही हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं मुरवलेलं तिखट लोणचं, घालायला बसलो होतो. ती, मी आणि तिचा कराराचा नवरा दोक-पाल. दोघंही सत्तरीचे, दोघांचे जोडीदार गेलेले. गावाची तोंडं बंद व्हावीत म्हणून वर्षभराचा कागद केला होता. त्याने छप्पर बघायचं, तिने चूल. वर्ष सरलं की तो आपल्या वाटेने मोकळा. सरायला महिना उरला होता आणि पुढचं कुणी बोलत नव्हतं. किमची मात्र उन्हाळ्यापर्यंत पुरायला हवी. मग कोबीचे गड्डे मिठात घालायचे किती? एकट्या बाईचे वीस की दोघांचे साठ?

सरळ विचारेल ती ओक-बुन कसली. तिने टीव्हीवरच्या मालिकांचा विषय काढला. त्या हिवाळ्यात दोन चालू होत्या, एक सोमवारी, एक बुधवारी, दोन्हींत करारावरचं लग्न.

“मला बाई सोमवारचा नवरा आवडतो,” गड्डा उभा चिरत ती म्हणाली. “चौथ्याच भागात भर पावसात करार फाडला. माणूस असा हवा.”

“फाडायचाच होता तर सही कशाला केली?” दोक-पाल मुळा किसत होता. “बुधवारचा बघा, तो पाववाला. सगळी कलमं पाळली आणि शेवटच्या तारखेला बॅग उचलून निघाला. शब्दाचा पक्का.”

“बायको दारात रडत होती ती दिसली नाही वाटतं?” मी विचारलं.

“दिसली ना. पण कागदात रडण्याचं कलम नव्हतं.”

ओक-बुनची सुरी थांबली. तिने चाळीस गड्डे माझ्याकडे सरकवले. “हे तू घेऊन जा गं. माझं विसात भागतं.”

मिठातल्या कोबीने उसासा टाकला. मी या कानांनी ऐकला.

दोक-पालने त्या ढिगाकडे पाहिलं, हात धुतले आणि कुदळ घेऊन घरामागे गेला. मग कितीतरी वेळ नुसता मातीचा आवाज, पांढऱ्या धुक्यातून, स्वप्नात कुणी दार ठोठावावं तसा. आता हा पृथ्वीच्या पलीकडे निघणार म्हणून आम्ही बघायला गेलो. खड्डा त्याच्या छातीपर्यंत होता. काठावर घरातला सर्वांत मोठा रांजण.

“एवढ्या खोल पुरलेली किमची तीन वर्षं उघडत नाहीत,” ओक-बुन म्हणाली.

“माहितीये.”

“मग खाणार कोण?”

“मी. मला जुनी, आंबटढाण लागते.”

“आणि कागद?”

“तो संपू दे की,” खड्ड्यातून तो म्हणाला. “संपल्याशिवाय बिनकागदाचं कसं राहायचं?”

ओक-बुन बराच वेळ त्याच्या टकलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. मी अंगणातून येतानाच चार गड्डे कडेवर घेतले होते.

“ठेव खाली ते,” ती म्हणाली. “मोठी आलीये न्यायला.”

मी ठेवले. म्हणजे बरेचसे ठेवले.