कंबर असलेलं पांघरूण

या, असे जवळ सरका. दारातल्यांनीही आत यावं, जागा आहे. आज एका पांघरुणाची गोष्ट सांगायची आहे. ऐकून उठाल तेव्हा जीव थोडा हलका झालेला असेल, एवढा शब्द आधीच देऊन ठेवतो.

तर, किल्लीवाल्याने लोखंडी पट्टी पुन्हा पांघरुणावर आडवी धरली. पट्टीने पुन्हा तेच सांगितलं.

"अजून मोजतोयस?" शेजारच्या दुकानातला घड्याळवाला दाराला टेकून म्हणाला. "मोजून मोजून रुंद होणार आहे का ते?"

"खालच्या कडेपेक्षा वरची कड चार बोटं अरुंद आहे."

"मग सांग, धुतल्यावर आटलं."

"अर्धंच कसं आटेल?"

"हो, तेही खरं. बरं, आज येणाऱ्या त्या बाईंना सांगणार काय आहेस?"

किल्लीवाल्याने कानस उचलली आणि घासायला काही नाही हे ध्यानात येऊन खाली ठेवली. "सांगेन, बायको बहिणीकडे गेलीय."

"अरे, जी जगातून गेली तिला बहिणीकडे पाठवतोस?" घड्याळवाला हळूच म्हणाला. मग हे बोलायला नको होतं असं वाटलं असावं. मान खाली घालून तो आपल्या दुकानात निघून गेला.

किल्लीवाल्याची बायको विणायची. विणणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात तिने 'लोकरवेडी' हे नाव घेतलं होतं आणि तिथेच तिला दूरच्या शहरातली 'उलटसुलट' भेटली. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. फोटोत दिसायचे ते हात, सुया, आणि वीण मोजता यावी म्हणून शेजारी ठेवलेली पट्टी. अशाच एका दिवशी दोघींनी बेत केला की एकच पांघरूण दोघींनी विणायचं. टाके सारखे, लोकर सारखी. हिने एका टोकापासून मध्यापर्यंत यायचं, तिने दुसऱ्या टोकापासून, आणि दोन्ही अर्धी तयार झाली की समोरासमोर बसून जोडायची. मग पांघरूण हिवाळाभर एकीकडे, उन्हाळाभर दुसरीकडे. हिवाळा दोघींनाही हवा, म्हणून उन्हाळा कुणी घ्यायचा यावरून दोघी रोज भांडायच्या.

आणि लोकरवेडीने अंथरूण धरलं ते पुन्हा उठलीच नाही.

भेटायला येणाऱ्यांचा राबता थांबला, घर गप्प झालं, तेव्हा तिचा फोन वाजला. 'काय गं, कुठे गडप झालीस? एवढी आळशी कधीपासून?'

किल्लीवाल्याने खरं ते सगळं लिहिलं. वाचलं. पुसलं. 'बरं नव्हतं,' एवढंच पाठवलं. आपल्या बायकोला कुणीतरी अजून 'काय गं' म्हणतंय, ते आपल्या हाताने बंद करायला त्याचा जीव होईना.

पुढे विणकामाचा फोटो मागितला गेला, मग तिचं अर्धवट राहिलेलं विणकाम पुढे न्यायला सुया हातात घेणं आलंच. टाके सुटले, लोकर पायात गुंतली, गुंडा कपाटाखाली पळाला. 'टाका सुटला की तू काय करतेस?' असं तो आडून आडून विचारी आणि उलटसुलट निगुतीने सांगे. 'मी विणते', 'मी दमले' असं लिहिताना सुरुवातीला त्याचे कान तापत. पुढेपुढे दिवसभरातलं तेवढंच बोलणं त्याला आपलं वाटू लागलं. आज ती बाई आपला अर्धा भाग जोडायला येणार, खरं काय ते कळणार, आणि फोन पुन्हा मुका होणार.

"लोकरवेडीचं दुकान हेच ना?"

दारात एक उंच बाई उभी होती. केस पिकलेले, खांद्यावर फुगलेली कापडी पिशवी.

"या ताई, बसा." वाक्य कालपासून तयार होतं. "ती ना..."

बहिणीकडे हा शब्द काही तोंडातून बाहेर पडेना. बाई पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "राहू द्या. आधी माझं बघा."

त्यांनी आपलं अर्धं पांघरूण उलगडलं आणि त्याची कड किल्लीवाल्याच्या कडेला भिडवली. सवयीने त्याचा हात पट्टीकडे गेला आणि तसाच थांबला. पट्टीची गरजच नव्हती. कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर जुळल्या होत्या. बाईंचा अर्धा भागही खाली ऐसपैस होता आणि निम्म्यावरून आत आवळत आला होता, अगदी त्याच्यासारखा.

"तुमचंही अरुंद झालं?"

"झालं नाही, केलं. सुया बदलल्या, बारीक घेतल्या. तुमचा पहिला फोटो आला त्याच दिवशी."

किल्लीवाला स्टुलावर बसला. "तुम्हाला ठाऊक होतं."

"तिचा हात सैल. गप्पा मारत विणायची, त्यामुळे वीण कशी पाय पसरून बसायची. आणि त्या फोटोतले टाके असे आवळलेले, जणू कुणी एकेकाला कुलूप घातलंय. पट्टी शेजारीच होती, मोजून पाहिलं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा काय ते समजले. खूप रडले. मग तुमचा प्रश्न आला, टाका सुटला तर काय करतेस. म्हटलं, हे कोण ते राहू दे. आधी टाका उचलू दे."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबला असता. मला तरी दुसरं कोण होतं लिहायला?"

"मी खोटं वागलो, ताई."

"वागलात. आणि तेही धड जमलं नाही. ती मेली कधी वेळेवर उत्तर द्यायची नाही. तुम्ही आपले विचारायच्या आत हजर."

किल्लीवाल्याला हसू आलं. केवढ्या दिवसांचं साठलेलं हसू ते. हसता हसता डोळे पुसावे लागले. आवाज ऐकून घड्याळवाला धावत आला.

"उसवून पुन्हा रुंद विणू का?" किल्लीवाल्याने विचारलं.

"काही उसवायचं नाही. सुई द्या इकडे."

एका टोकाकडून त्या, दुसऱ्या टोकाकडून तो, असे दोघे शिवत मध्यावर आले. घड्याळवाल्याने मान तिरकी करून पाहिलं. "हे काय? पांघरुणाला कंबर?"

"तुमची गेली म्हणून कुणालाच नको का?" बाई म्हणाल्या. घड्याळवाल्याने मुकाट्याने पोट आत घेतलं.

शेवटची गाठ मारून झाल्यावर बाईंनी किल्लीवाल्याच्या अर्ध्या भागावरून तळवा फिरवत नेला. तिची सैल वीण जिथे संपली तिथे तळवा थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"उन्हाळा घ्यायला ती कबूल झाली होती का हो तुमच्यापाशी?"

"छे. शेवटपर्यंत हिवाळाच मागत होती."

"वाटलंच मला." त्यांनी पांघरुणाची घडी घातली आणि त्याच्याकडे सरकवली. "घ्या. जिंकली बया."

संध्याकाळी दुकान बंद करताना खिशात फोन थरथरला. परतीच्या गाडीतून बाईंचा मेसेज आला होता: 'आता मोजे विणायला घ्या. या वेळी हात जरा सैल सोडा.'

तर मंडळी, कथा एवढीच. थंडी पडेल, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्याल, तेव्हा या बोलणाऱ्यासाठी एवढं करा. गप्पा मारत विणणाऱ्या त्या सैल हाताच्या बाईची एकदा आठवण काढा, आणि मग खुशाल झोपा.