माझ्या नावाचा टॅग

माझी बायको लोरेल घरातली प्रत्येक गोष्ट फोनमध्ये टिपून ठेवते आणि प्रत्येक नोंदीला टॅग लावते. कोंबड्यांच्या खाद्याच्या एका नोंदीला सहा टॅग. मला या प्रकाराचा मनापासून वैताग येतो. माझ्या वडिलांनी इथे होबार्टमध्ये घर बांधलं, पाच मुलं वाढवली, तेही एकाही टॅगशिवाय.

रविवारी अंगणात सॉसेज भाजता भाजता मी तिला डिवचलं. "एवढे टॅग लावून तुला सापडतं तरी काय?"

"तू सापडतोस," ती म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. "गॅव्हन नावाचा टॅग दाब."

सत्तेचाळीस नोंदी निघाल्या. पन्हळीतला पाला काढणे. खुराड्याचं दार बसवणे. न्हाणीघरातला गळका नळ, चार वर्षांपासून.

"ही सगळी कामं मी करणारच आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर त्यांना 'कधीतरी' हा टॅग आहे. आता तुझ्या नावाबरोबर 'झालं' दाबून बघ."

दाबलं. सत्तेचाळीसमधली एकच नोंद उरली. मला जरा बरं वाटलं; एक तरी काम पार पाडलं होतं म्हणायचं. नोंद उघडली. 'मला लग्नाची मागणी घालणे.'

खाली आणखी एक टॅग होता, कालच लावलेला. 'फेरविचार.'

मी सॉसेजचा चिमटा तिच्या हातात दिला आणि शिडी आणायला गेलो.