कोऱ्या पानावरचा शेवट

मी एक जुनी विज्ञान कादंबरी आहे, मित्रांनो. जाडजूड, पिवळट पानांची आणि स्वभावाने जरा किरकिरी. माझी हजारभर भावंडं छापली होती, त्यातली बहुतेक रद्दीत गेली. उरले मी एकटी, माझ्या लेखकाच्या कपाटात.

लेखक हवामान केंद्रात नोकरीला होते. दिवसभर वाऱ्यापावसाच्या नोंदी करायच्या आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला लिहायचं, असं त्यांनी चार वर्षं केलं. माझी गोष्ट दूरच्या ग्रहावरच्या एका यंत्राची आहे. माणसं त्याला तिथे एकटं सोडून जातात. ती परत येतील म्हणून ते रोज सकाळी खिडकीची काच साफ करून ठेवतं.

प्रकाशकांना गोष्ट आवडली, शेवट आवडला नाही. वाचकाला रडवायचं नाही, असं म्हणून त्यांनी शेवटी माणसांनी भरलेलं यान आणून उतरवलं. लेखकांनी मन मारून होकार दिला. ते यान मला अजून पोटात टोचतं.

कौतुक झालं, नाही असं नाही. वाचनालयात माझ्यासाठी नंबर लागायचे. पण लेखकांना चैन पडेना. एका दुपारी त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या मागच्या कोऱ्या पानावर खरा शेवट लिहून काढला. लिहून झाल्यावर कितीतरी वेळ ते एकटेच हसत बसले होते. तेवढं सुख मला छापखान्यातही मिळालं नव्हतं.

मग वर्षं गेली. मी धूळ खात पडले. लेखकांची मुलगी प्रेमळ, पण ‘बाबांचं ते यंत्रबिंत्र’ म्हणून माझी थट्टा करायची. तिने मला कधी उघडलंच नाही. लेखकांचं विसरणं वाढत चाललं. चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला.

अशात एक दिग्दर्शक घरी आले. लहानपणी त्यांनी माझं एखादं भावंड वाचलं होतं आणि आता त्यांना माझ्यावर सिनेमा काढायचा होता. लेखकांनी कपाटातून मला काढून त्यांच्या हाती दिलं.

“छापलेला शेवट घेऊ नका,” ते म्हणाले. “मागच्या पानावरचा घ्या. बाकी हवं ते बदला.”

“हो हो, काका,” दिग्दर्शक म्हणाले. त्यांचं लक्ष फोनमध्ये होतं.

त्यांच्या ऑफिसात एक टायपिस्ट बाई होत्या. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर नेहमी खुणा असत, म्हणून स्कॅन करण्याआधी पेन्सिलीचं सगळं खोडायचं, अशी तिथली पद्धत होती. शेवटाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाई वाईट नव्हत्या हो. पान चुरगळू नये म्हणून डाव्या तळव्याने दाबून धरायच्या, खोडरबराचा चुरा हळूच फुंकायच्या. मागचं पान गच्च भरलेलं पाहून त्यांनी दुप्पट मेहनत घेतली. वाचत बसलं तर काम उरकणार कधी? मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला ओरडता कुठे येतं!

आठवड्याने दिग्दर्शकांचा फोन आला. मागचं पान कोरं आहे, छापलेलाच शेवट घेतो, असं ते म्हणाले. पाठोपाठ मी घरी परतले. मुलीने मला खिडकीशी नेलं, पान उजेडात तिरकं धरलं. पेन्सिलीच्या वळांतून दोनच शब्द लागले. ‘काच’ आणि ‘उद्या’.

“बाबा, काय लिहिलं होतं तुम्ही?”

लेखकांनी त्या पानावरून बोट फिरवलं.

“चांगलं होतं,” ते म्हणाले. “तू वाचलं होतंस ना?”

मुलीने मला छातीशी घट्ट धरलं. तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मला पुठ्ठ्यातून कळत होतं.

“हो बाबा. फार चांगलं होतं.”

मित्रांनो, मलाही ते आता आठवत नाही. पुस्तकाला स्वतःची गोष्ट पानावर असते तेवढीच आठवते. तुमच्या घरात कुणी काही लिहून ठेवलं असेल तर ते आजच वाचा, आणि खोडण्याआधी एकदा विचारा. माझ्याकडे आता ते यानच उरलं आहे.