कार्ड राहू द्या, डबा काढा

मी एक जुना एसएमपीएस आहे, मित्रांनो. नाव अवघड वाटत असेल तर मला नुसते लोखंडी डबा म्हणा. दिग्रसला सगळे तेच म्हणत. कॉम्प्युटरच्या पेटीत अगदी तळाशी माझी जागा. भिंतीतून येणारी दांडगी वीज मी अंगावर घेतो आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढीच त्याला देतो. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्रे रंगवते आणि लोक त्यांचे कौतुक करतात. माझ्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची वेटोळी भरली गेली. मग खोक्यात बंद होऊन मी दिग्रसला नेमसिंग राठोड यांच्या दुकानात आलो. तिथे वरच्या फळीवर मी सव्वा वर्ष बसून काढले. खपत ते खालचे हलके, लोकल डबे. माझ्यावर समोरच्या कापसाच्या जिनिंगमधून उडालेली रुई साचत गेली.

२०१७ च्या श्रावणात राजदीप दुकानात आला. वय तेवीस. कापसाच्या हंगामात तो जिनिंगमध्ये गाठी उचलायचा आणि बाकीचे महिने मिळेल त्या शेतात राबायचा. शाळेत असताना त्याने बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाहिला होता. तेव्हापासून त्याला एकच ध्यास होता, आपल्या घरी आपला गेमिंग कॉम्प्युटर असावा. बरोबर त्याची धाकटी बहीण प्रियंका होती. ती कॉलेजात शिकत होती. कोणत्या मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर बसतो, रॅम किती लागते, हे सारे तिने मोबाईलवर पाहून वहीच्या पानावर उतरवले होते. पानाच्या तळाशी लिहिले होते, ‘एसएमपीएस – कोणताही.’

नेमसिंगभाऊंनी पान वाचले आणि वर बोट केले. “तो डबा घे, राजदीप. आपल्या इकडची लाईन कशी वरखाली होते, तुले माहीत हाय.”

“डब्यात का गेम दिसते, भाऊ?” राजदीप हसला. “कार्ड मोठं पायजे मले. डबा लोकलच द्या.”

काचेच्या कपाटातले दोन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड त्याने हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. लहान बाळ धरावे तसे धरले होते त्याने. “दिवाळीच्या आधी नेतो. कोणाले देऊ नका,” म्हणाला. नेमसिंगभाऊंनी कार्डाच्या खोक्यावर त्याचे नाव लिहून ते बाजूला ठेवले.

थोडे पैसे कमी पडत होते, म्हणून तो फवारणीला जाऊ लागला. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीने सगळे धास्तावले होते. गावातल्या किसनरावांच्या वावरात त्याने सलग नऊ दिवस पाठीवर पंप घेतला. उंच झाडांवर मारलेले औषध वाऱ्याने परत तोंडावर यायचे. त्याने फवारताना लावायच्या चष्म्याचे विचारले, तर किसनराव म्हणाले, “रुमाल बांध ना बापू. सारेच बांधतात.” त्याने रुमाल बांधला.

दहाव्या दिवशी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ओकत पडला.

हे मला कळले ते प्रियंकाकडून. दसरा होऊन गेला होता. दरवर्षी दसऱ्याला राजदीपच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. त्या वर्षी ते यवतमाळला दवाखान्यात होते. प्रियंका काउंटरपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, ते कार्ड दुसऱ्याले देऊन टाका.”

“काहून? काय झालं?”

“दादाले दिसत नाही.”

नेमसिंगभाऊंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्यांनी तिला स्टूल दिले, पाणी दिले. खोक्यावरचे नाव मात्र त्यांनी खोडले नाही.

मित्रांनो, फळीवर बसून मी पुष्कळ गिऱ्हाइके पाहिली. पण त्या मुलीने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी जसा धरला होता, तसे मी दुसरे काही पाहिले नाही.

डिसेंबरात राजदीप आला. डोळ्यांवर काळा चष्मा होता. एका बाजूला प्रियंका होती, दुसऱ्या बाजूला आई रुखमाबाई. डाव्या डोळ्याने आता बरेच दिसत होते, उजव्यासमोर मात्र धुके होते. नेमसिंगभाऊंनी कार्डाचे खोके पुढे केले. राजदीपने ते चाचपले आणि थोडा वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला.

“राहू दे बाप्पा आता ते खूळ,” रुखमाबाई म्हणाल्या. “डोये सांभाळ.”

“डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, माय. जवळ बसू नको, थोडा वेळच पाह्य, एवढंच म्हणाले.” मग तो नेमसिंगभाऊंकडे वळला. “भाऊ, कार्ड राहू द्या. वरचा डबा काढा.”

प्रियंकाने त्याचा हात धरला. “दादा, दोन्ही नाही जमणार आता. कार्ड नसलं तर लहानच गेम चालतील.”

“चालू दे. कार्ड पुढं-मागं घेता येईल.” त्याने खोके परत सरकवले. “वावरात मी रुमालावर भागवलं, प्रियू. जे वरून दिसत नाही ते स्वस्तात घेतलं की काय होते, ते मले समजलं. आता पहिले ते पक्कं घेऊ.”

नेमसिंगभाऊंनी शिडी लावली. मला खाली आणले, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसले. सव्वा वर्षात मला कोणी पहिल्यांदाच निवडले होते. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यांच्या घरी सतरंजीवर माझी आणि बाकीच्या भागांची जुळणी झाली. प्रियंका वाचून सांगायची आणि राजदीप बोटांनी चाचपत वायरी लावायचा. पहिल्या दिवशी त्याने शर्यतीचा एक जुना, साधा गेम लावला. पडदा लांब ठेवला होता, त्यामुळे रस्ता त्याला नीट दिसेना. मागून प्रियंका ओरडायची, “उजवीकडे, दादा! आता डावीकडे! अरे, म्हैस!”

“शर्यतीत म्हैस कुठून आली?” रुखमाबाईंनी चुलीपासून विचारले.

तिघेही हसले. दवाखान्यातून आल्यावर त्या घरात पहिल्यांदा हसू ऐकू आले ते त्या दिवशी.

साडेतीन वर्षे मी तिथे काम केले. दुसऱ्या वर्षी एक जुने कार्डही आले. राजदीप फवारणीला परत गेला नाही. आसपासच्या गावांतले बिघडलेले कॉम्प्युटर तो दुरुस्त करू लागला. पण उजव्या डोळ्यासमोरचे धुके गेले नाही. बारीक स्क्रू बसवायचा असला की त्याला प्रियंकाला हाक मारावी लागे.

एका मे महिन्यात भर दुपारी वादळ आले आणि खांबावरची तार तुटली. गावात एकदम जास्त दाबाची वीज शिरली. शेजारचा टीव्ही गेला, पंखे जळाले. माझ्या पोटात फट् असा आवाज झाला, धूर निघाला आणि मी थंड झालो. राजदीपने पेटी उघडली. बोर्ड, कार्ड, डिस्क, सगळे शाबूत होते. तो बराच वेळ मला हातात धरून बसला. आठ दिवसांत माझ्या जागी नवा डबा आला. मी खिडकीत कागदांवर वजन म्हणून राहिलो.

त्याच पावसाळ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, किसनराव आले. त्यांना फवारायला माणूस हवा होता आणि राजदीपच्या ओळखीची पोरे होती. ते दारातच उभे राहिले. राजदीपच्या चष्म्याकडे त्यांना पाहवेना.

“माणूस देतो मी,” राजदीप म्हणाला. “पण पयले मास्क आणा, चष्मा आणा, हातमोजे आणा. मी पाहीन. मगच त्याच्या पाठीवर पंप जाईन.”

“एवढं कोण करते, बापू?”

“तुम्ही करान.”

किसनराव मागे वळले. चप्पल घालून निघून गेले. प्रियंका दादाकडे बघत राहिली. ते परत येतील असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी ते आले. हातात पिशवी होती. त्यांनी एकेक वस्तू काढून राजदीपच्या पुढ्यात ठेवली. राजदीपने चष्मा उचलून डाव्या डोळ्याजवळ नेला, काच उजेडात धरून तपासली आणि मान हलवली.

मित्रांनो, मी जळालो तर आठ दिवसांत दुसरा आला. माझे दुःख करू नका. पण तुमच्या घरचे कोणी पाठीवर पंप घेऊन निघाले, तर त्यांची वाट अडवा. चष्मा कुठे आहे, विचारा. ते रागावतील, उशीर होतो म्हणतील. तरीही विचारा.