पाळणाघराची लांब भिंत

"आता 'येते हं' म्हणा आणि सरळ चालू पडा," पाळणाघराच्या मिरेल्लाबाई म्हणाल्या. "रेंगाळायचं नाही. समोर जाऊन कॉफी प्या आणि मग या."

नोएमी रामेल्लाला हे ठाऊक होतं. इटलीतल्या बिएल्ला शहरातल्या या पाळणाघरात नवं मूल आलं की आईनं किंवा बापानं आधी त्याच्यासोबत आत बसायचं, मग थोडा वेळ बाहेर, मग जास्त वेळ, अशी रीतच होती. आठवडाभर ती बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. लेकीचं, आगाताचं वाहतं नाक, आगाताची बाटली, शेजारच्या पोराच्या तोंडात चाललेला ठोकळा, सगळ्यावर तिचं डोळ्यांत तेल घालून लक्ष.

"येते हं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. आत आगातानं टाहो फोडला.

नोएमी कॉफीला कसली जाते! फाटकाशी कान देऊन उभी राहिली. रडणं टिपेला पोचलं आणि एकाएकी थांबलं. घशात काही अडकलं की काय? ती गर्रकन वळली.

जुन्या लाकडी दाराला खाली, अगदी जमिनीलगत, एक काच होती. त्या काचेला नाक चेपून आगाता उभी होती. गाल ओले, पण रडू बंद. आई कुठवर जाते ते ती बघत होती, बस्स. नोएमीनं हात हलवला, फाटक ओलांडलं, कोपऱ्यावर वळली आणि थबकून ऐकलं. शांत.

पाच पावलं गेली असेल नसेल, ती जागीच थांबली. आपण आखलेल्या पाळणाघरात अशी काच कुठाय?

नदीकाठच्या जुन्या लोकर गिरणीत नोएमी आणि एदोआर्दो झुब्लेना यांचा आर्किटेक्चर स्टुडिओ होता. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या दोघांनी तो थाटला, दारावर दोघांची आडनावं लावली. शेजारच्या गावाच्या पाळणाघराची स्पर्धा त्यांनी जिंकली होती. उद्या नगराध्यक्षबाई शेवटचं मॉडेल बघायला येणार, त्यांची सही झाली की काम सुरू. फाटकाकडल्या अंगणाच्या बाजूला विटांची एक लांबच लांब, सलग भिंत. ही भिंत एदोआर्दोची, आणि परीक्षक भाळले होते ते तिच्यावरच.

नोएमी मॉडेलपाशी उभी राहिली. पुठ्ठ्याची माणसं जागोजागी चिकटवलेली होती. छत्रीवाली बाई, पिशवीवाला गृहस्थ, कुत्रा फिरवणारे आजोबा. पाळणाघराच्या मॉडेलमध्ये मूल एकही नव्हतं. तिनं नखाएवढं एक माणूस कापलं आणि भिंतीच्या आतल्या बाजूला उभं केलं.

"ही काय मुंगी?" एदोआर्दोनं विचारलं.

"आपलं गिऱ्हाईक. त्याला भिंतीपलीकडचं काय दिसतंय सांग."

"अगं, भिंतीतून दिसायला लागलं तर तिला भिंत कशाला म्हणायचं?"

"खाली उघडी हवी. आजच बदलायची."

"उद्या बाई येतायत, नोएमी! पोरगी रडली म्हणून तू माझी भिंत फोडणार? तुला आत डोकावायचंय, दुसरं काही नाही."

हे तिला झोंबलं. क्षणभर तिनं स्वतःलाच तपासून पाहिलं. मग मान वर केली.

"त्या उंचीवरून मला काय दिसणार रे, माझेच बूट? मला डोकावायचं असतं तर काच वर मागितली असती. पुठ्ठा काढ."

वाद कागदावर मिटला नाही की खऱ्या मापाचं उभं करायचं आणि आत जाऊन बघायचं, हा दोघांचा पहिल्यापासूनचा नेम. कुरकुरत त्यानं पुठ्ठे जोडले, खांबांना टेकवून भिंत उभी केली.

"बस खाली."

"पँट नवी आहे माझी."

"बस म्हणते ना!"

तो फरशीवर बसला. नोएमीनं कोट चढवला, "येते हं" म्हणाली आणि पुठ्ठ्याआड गेली.

"काय दिसतंय?"

"पुठ्ठा."

तिनं बाहेरून सुरी चालवली, खाली वीतभर रुंदीची पट्टी कापून काढली आणि जिन्याकडे चालू लागली.

"आता?"

एदोआर्दो वाकला आणि पट्टीला डोळे लावले.

"तुझे बूट," एदोआर्दो म्हणाला. "जिन्याकडे चाललेत." आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "सगळं दिसतंय गं."

तो उठला तो थेट मॉडेलकडे. "पण सुट्या खिडक्या नकोत. उंदरानं पाव कुरतडल्यासारखं दिसेल. फाडायचंच तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाड, सलग काच घाल."

"आणि वरचं वजन?"

"तुळई टाकू. इंजिनिअरच्या शिव्या मात्र तू खायच्या."

"खाईन."

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षा फुल्विया ग्रेम्मो आल्या. मॉडेल पाहून मग पुठ्ठ्याच्या भिंतीसमोर थांबल्या.

"बाहेरून आईला काय दिसणार यातून?"

"काही नाही," नोएमी म्हणाली. "वाकल्याशिवाय काहीच नाही."

"आया तक्रार करतील."

"करतील. मीसुद्धा केली असती. पण ही फट आईसाठी नाहीच. आई गेली म्हणजे नाहीशी झाली नाही, चालत चालत फाटकाबाहेर गेली, एवढं पोराला कळायला हवं. त्याच्यासाठी आहे ही."

बाईंनी पर्स एदोआर्दोच्या हातात दिली, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि भिंतीमागे सावकाश खाली बसल्या. गुडघे कडकड वाजले. नोएमी न सांगताच चालू लागली, पार जिन्यापर्यंत.

"थंडीत काचेवर वाफ धरेल," भिंतीमागून आवाज आला.

"दुहेरी काच आहे."

"आणि बोटांचे डाग?"

"ते राहणारच, बाई. रोज."

"हं. आधी मला उठवा कुणीतरी. मग सही कुठं करायची ते दाखवा."